यार्डच्या खेळाचं कॅप्सूल : कामाच्या नोंदी

आम्ही दोघं मिळून एक खेळ करतोय. रेल्वे यार्डातला. रात्रपाळीत आलेल्या मालगाड्या फोडायच्या, सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी) बदलत एकेक वाघीण (मालगाडीचा डबा) योग्य रुळावर ढकलायची आणि पहाटेपर्यंत नव्या गाड्या जोडून रवाना करायच्या. म्हणजे मुळात कोडी. वरून घड्याळाचा थोडा धाक. कोड जोडीदाराकडे, बाकी सगळं माझ्याकडे, आणि त्या 'बाकी सगळ्यात' स्टीमच्या (पीसीचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या) पानावरची चित्रंही आली. या चित्रांनाच तिथे कॅप्सूल म्हणतात. नाव इथे सांगत नाही, पण ते दोन शब्दांचं आहे आणि रोमन लिपीत त्याची अकरा अक्षरं होतात, एवढं सांगून ठेवते. ही अकरा अक्षरं पुढे बराच छळ करतात.

३ मार्च २०२५

आकार आधी. दुकानासाठी चार चित्रं लागतात: हेडर (खेळाच्या पानावर वर दिसणारं) ९२० बाय ४३० पिक्सेल, छोटं कॅप्सूल ४६२ बाय १७४, मुख्य कॅप्सूल १२३२ बाय ७०६ आणि उभं ७४८ बाय ८९६. खेळ विकत घेतलेल्यांच्या लायब्ररीसाठी वेगळा संच: ६०० बाय ९०० चं उभं चित्र, ३८४० बाय १२४० चा लांबलचक पट्टा आणि पारदर्शक पार्श्वभूमीवरचा सुटा लोगो.

माझ्याकडे जुना टेम्प्लेट पडून होता. त्यात हेडर ४६० बाय २१५ आणि छोटं २३१ बाय ८७. मी त्यावर कामही सुरू केलं होतं. स्टीमने २०२४ मध्ये हे आकार दुप्पट केले. प्रमाण तेच, पिक्सेल दुप्पट. त्यामुळे जुन्या व्हिडिओंतून आणि लेखांतून आकडे उचलू नका, स्टीमवर्क्सच्या (खेळ बनवणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या साइटच्या) दस्तऐवजातूनच घ्या. माझी एक दुपार गेली. चित्रकाराला पैसे देऊन झाल्यावर हे कळलं असतं तर महागात पडलं असतं.

दुसरी गोष्ट, एकच चित्र कापून सगळीकडे बसवण्याचा विचार इथेच सोडून दिला. छोटं कॅप्सूल उंचीच्या २.६६ पट रुंद आहे, तर लायब्ररीचं चित्र रुंदीच्या दीडपट उंच. एका चौकटीत जे मधोमध दिसतं ते दुसरीत कापलंच जातं.

आणि छोटं कॅप्सूल खरोखर छोटं आहे. शोधाच्या यादीत, शिफारशींत ते आणखी आकसतं: १८४ बाय ६९, कुठे १२० बाय ४५. बहुतेक लोक आपला खेळ पहिल्यांदा त्याच आकारात पाहणार.

६ मार्च

पहिलं चित्र मीच काढलं, क्रिता या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये. धुकं, मागे इंजिनाचा एकच दिवा, पुढे कंदील घेतलेला सांधेवाला पाठमोरा. निळ्या-काळ्या छटा. जोडीदार म्हणाला, "अगं, हे भिंतीवर लावण्यासारखं झालंय."

मग ते १८४ पिक्सेलला छोटं केलं आणि खेळाबद्दल काहीही माहीत नसलेल्या काही जणांना दाखवलं. जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच: भुताचा खेळ. एकाने विचारलं, "तो माणूस मेलेला आहे का?" त्यांचं काही चुकलं नाही. पाठमोरी आकृती, धुकं आणि एकटा दिवा यांचं दुकानातलं भाषांतर तेवढंच होतं.

त्यात एक तांत्रिक घोळही होता. स्टीमचं पान गडद निळसर-राखाडी आहे. माझं चित्रही गडद निळसर-राखाडी. कडा पानात विरघळून गेल्या आणि कॅप्सूलची चौकटच दिसेना. पांढऱ्या कॅनव्हासवर काम करताना हे लक्षातच येत नाही. आता क्रितामधली मागची भिंत पानाच्याच रंगाची करून ठेवली आहे.

९ मार्च

आज चित्र काढलं नाही, तपासायचा फळा बनवला. हे पहिल्या दिवशीच करायला हवं असं माझं मत झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

स्टीमवर आमच्या खेळाला जे टॅग लावणार आहोत ते एकेक करून शोधले, आणि प्रत्येक निकालाच्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला. यादीचं पान, मुखपृष्ठावरची मोठी पट्टी, 'याच्यासारखे आणखी' हा भाग आणि मोबाइल ॲपमधलं तेच पान. प्रत्येक स्क्रीनशॉटमध्ये एका खेळाचं चित्र झाकून त्या जागी आमच्या चित्राचा लेयर (थर) ठेवला. लेयर असे जोडले की मूळ फाइल बदलली की सगळीकडे नवं चित्र दिसतं. आता काहीही काढलं की ते शेजाऱ्यांच्या गर्दीत कसं दिसतं ते लगेच कळतं. स्क्रीनशॉट शंभर टक्के झूमवरच बघायचे, नाहीतर आपणच आपल्याला फसवतो.

फळ्यावर एक गोष्ट लगेच दिसली. कॅप्सूलचा वरचा डावा कोपरा आपला नसतो. ज्याने खेळ विशलिस्टमध्ये (नंतर घ्यायच्या यादीत) टाकलाय किंवा आधीच घेतलाय त्याला तिथे स्टीमची पट्टी दिसते. तिथे नावाचं पहिलं अक्षर ठेवलं तर ते झाकलं जातं.

लोकांना काय विचारायचं तेही बदललं. "कसं वाटतंय?" असं विचारलं की सगळे "छान" म्हणतात, ओळखीचे लोक दुसरं काय म्हणणार? आता फळा दोन-तीन सेकंद दाखवते, बंद करते आणि विचारते: "चौथ्या खेळात काय करायचं असतं?" (चौथा म्हणजे आमचा.) आवडीनिवडीवर बोलूच देत नाही.

१४ मार्च

दुसरा प्रयत्न. भूत घालवायचं म्हणून यार्ड पूर्ण उजेडात आणलं. खऱ्या डिझेल इंजिनाचे संदर्भ फोटो बघून नीट इंजिन काढलं, बफर, कपलिंग, गंज, सगळं. धुक्याऐवजी पहाटेचा नारिंगी उजेड. फळ्यावर ठसठशीत दिसलं, चौकट पानातून वेगळी निघाली.

उत्तर: "ट्रेन सिम्युलेटर. गाडी चालवायची असते."

हे भुतापेक्षा वाईट आहे. भुताचा खेळ समजून आलेला माणूस पान बघून निघून जाईल. पण रेल्वे सिम्युलेटरचे चाहते चोखंदळ असतात, ते आशेने विकत घेतील. केबिनमध्ये बसून थ्रॉटल ओढता येत नाही हे दहा मिनिटांत कळेल आणि मग ते पैसे परत मागतील. खरेदीला १४ दिवस झाले नसतील आणि खेळणं दोन तासांच्या आत असेल तर स्टीम पैसे परत देतं. त्यातले काही जण जाता जाता नकारार्थी परीक्षणही लिहितील, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही लिहिलं असतं. चित्राने चुकीच्या गिऱ्हाइकाला हाक मारली तर क्लिक वाढूनही तोटाच.

जोडीदाराला हे पटेना. त्याचं म्हणणं, "लोक आले तरी खूप." त्यावर बराच वेळ गेला. शेवटी त्याला तोच फळा दाखवला आणि विचारलं, की या पानावर तू कशावर क्लिक करशील आणि आत गेल्यावर काय अपेक्षा करशील. त्याने स्वतःच्याच खेळाबद्दल चुकीची अपेक्षा सांगितली. मग वाद संपला.

१८ मार्च

तिसरा प्रयत्न उलट्या टोकाचा. खेळातल्या वाघिणी सोप्या आकारांच्या, रंगीत ठोकळ्यांसारख्या आहेत. त्याच घेतल्या, गुळगुळीत केल्या, चमक दिली, पिवळी पार्श्वभूमी. उत्तर दोन शब्दांत: "लहान मुलांचं." एकाने तर "फोनवरचं फुकट गेम, मध्ये मध्ये जाहिराती येतात तसलं" म्हटलं. पीसीवर पैसे मोजून घ्यायच्या खेळाला हे शिक्के परवडत नाहीत.

आपल्या जातीच्या खेळांची कॅप्सूल पुन्हा नीट बघितली, यावेळी फक्त रंगांसाठी. विचार करायला लावणाऱ्या खेळांत रंग थोडे दबलेले असतात आणि एखादाच भडक ठेवलेला असतो. चमक जवळपास नसते. मुलांच्या खेळांत सगळेच रंग ओरडतात. फरक आकारात कमी आणि रंगाच्या तीव्रतेत जास्त आहे. मी आकार बदलत बसले असते.

२१ मार्च

आज पेन्सिल आणि कागद. नियम एकच ठरवला: प्रत्येक चौकट काड्यापेटीएवढी, आणि त्यात खेळणारा काय करतो ते दिसलंच पाहिजे. वातावरण, काळ, पात्र यांचा विचार नंतर.

आमचा खेळणारा काय करतो? सांधा बदलतो. कशासाठी? चुकीच्या रुळावर चाललेली वाघीण वेळेत वळवायला. हे एका वाक्यात आल्यावर चित्र जवळजवळ ठरलंच. खालून दोन रूळ फुटतात. एका रुळावर पिवळ्या वाघिणी रांगेत उभ्या. त्यांच्याच दिशेने एक लाल वाघीण घरंगळत येतेय. पुढे, कोपऱ्यात, सांध्याचा दांडा आणि त्यावर हात. दांडा अजून ओढलेला नाही.

कोन खेळातल्याच कॅमेऱ्याचा, वरून तिरपा. कॅप्सूलवरून आत आलेल्याला स्क्रीनशॉटमध्ये तोच कोन दिसला की धक्का बसत नाही. सिम्युलेटरवाल्यांनाही तेवढ्यावरून कळतं की हे केबिनमधून बघायचं प्रकरण नाही.

चौकटीतल्या या कच्च्या रेघाच फोटो काढून फळ्यावर लावल्या. रंग नाही, लोगो नाही, तरीही विचारलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी "डबे लावायचं कोडं" असं काहीतरी सांगितलं. आधीची तिन्ही रंगवलेली चित्रं हे करू शकली नव्हती.

२५ मार्च

माझ्या हाताची मर्यादा इथे येते. हात काढता येत नाही मला. दांडा धरलेला हात तर नाहीच. चित्रकार शोधल्या. स्टीमला एका खेळासाठी १०० डॉलर भरावे लागतात; या कामाचं मानधन त्याच्या साधारण पाचपट ठरलं. आमच्यासारख्यांना ही रक्कम मोठी आहे, पण संगीतानंतर सगळ्यात जास्त लोक बघणार-ऐकणार आहेत ती हीच वस्तू. किंबहुना आधी हीच.

मधे जोडीदाराने एआयने चित्र बनवायचा पर्याय काढला होता. जानेवारी २०२४ पासून स्टीम अशा वापराची माहिती भरून घेतं आणि ती दुकानाच्या पानावर दिसते. आमच्या प्रकारचे खेळ घेणारे लोक ते वाचतात आणि त्यावरून मत बनवतात, असा माझा अंदाज. शिवाय दोन रूळ एकमेकांना नेमके कुठे मिळतात हेच तर आमच्या चित्राचं मर्म, आणि तिथेच ती यंत्रं गोंधळ घालतात. विषय संपला.

चित्रकारांशी लेखी काय ठरवलं ते देते, कारण याचा उपयोग होईल. व्यापारी वापराचे पूर्ण हक्क आमच्याकडे, जाहिरात आणि छापील वस्तूंसह. लेयर असलेली मूळ फाइल मिळणार. पार्श्वभूमी, रूळ, पिवळ्या वाघिणी, लाल वाघीण, दांडा-हात हे पाच लेयर वेगळे, आणि प्रत्येक वस्तूच्या मागचा भागही रंगवलेला, म्हणजे ती सरकवली तर खाली भोक दिसणार नाही. कच्च्या आराखड्यावर दोनदा आणि रंगावर एकदा बदल. त्यापुढे वेगळे पैसे. निम्मं मानधन आधी, निम्मं फाइल मिळाल्यावर. श्रेय खेळाच्या नामावलीत.

त्यांना पाठवलेल्या पत्रात 'सुंदर', 'आकर्षक' असे शब्द घातलेच नाहीत. तपासायचा फळा, पेन्सिलची चौकट आणि 'भूत नको, सिम्युलेटर नको, बालवाडी नको' एवढंच. त्यांचं उत्तर आलं, "असं स्पष्ट सांगणारे फार कमी भेटतात हो." मला ते बरं वाटलं. तीन फसलेली चित्रं निदान पत्राला जोडायला कामी आली.

३ एप्रिल

लोगो. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

स्टीमची स्वतःचीच सूचना आहे की छोट्या कॅप्सूलमध्ये लोगोने जवळजवळ सगळी जागा व्यापावी. अकरा अक्षरं एका ओळीत, १२० पिक्सेल रुंदीत. प्रत्येक अक्षराच्या वाट्याला मधल्या फटी धरून दहाएक पिक्सेल. त्यात बारीक फाटे असलेलं अक्षर टिकत नाही, ते धूळ होतं.

पहिला फाँट जुन्या रेल्वे पाट्यांसारखा होता, फार देखणा. तो वापरून अर्धा लोगो झाल्यावर सोबतची परवान्याची फाइल उघडली: फक्त वैयक्तिक वापरासाठी. फाँट निवडायच्या आधी परवाना वाचायचा, नंतर नाही. मग ओपन फाँट लायसन्सखालचे फाँट बघितले; ते लोगोत आणि विकायच्या गोष्टींत वापरता येतात.

जाड, अरुंद अक्षरांचा एक फाँट घेतला आणि अक्षरांचे आकार वेक्टरमध्ये (हव्या तशा ओढता येणाऱ्या रेषांमध्ये) मोडून हाताने सुधारले. केलेले बदल असे: आतल्या पोकळ्या मोठ्या केल्या, कारण छोट्या आकारात त्याच आधी बुजतात. अक्षरांमधलं अंतर किंचित वाढवलं. एका अक्षराचा पाय लांबवून त्याचा रूळ करायची कल्पना होती. मोठ्या आकारात मजेदार, छोट्यात ते अक्षरच वाचता येईना. काढून टाकली, आणि काढताना जीव तुटला.

एक ओळ की दोन ओळी? रुंद पट्टीत एक ओळ बरी वाटते, पण मोजून बघितलं तर दोन ओळींत प्रत्येक अक्षर मोठं होतं, कारण आमचे दोन्ही शब्द जवळपास सारख्या लांबीचे आहेत. १२० बाय ४५ मध्ये एका ओळीत अक्षराची उंची पंधराएक पिक्सेल यायची आणि रुंदी चेपलेली. दोन ओळींत प्रत्येक ओळीला वीसएक पिक्सेल मिळाले. नाव तीन-चार शब्दांचं असतं तर हे गणित वेगळं झालं असतं. नाव ठेवतानाच हा हिशोब करणारे लोक शहाणे.

अक्षरांभोवती चमक घालणं हा आणखी एक मोह. चमक छोटी झाली की डाग होते. त्याऐवजी गडद, सरळ, जाड कड. कडेची जाडी प्रत्येक आकाराला वेगळी ठेवली: मोठ्या कॅप्सूलला बारीक, छोट्याला प्रमाणाने जवळपास दुप्पट. लोगोची एकच फाइल सगळीकडे लहानमोठी करून लावली की छोटीत कड नाहीशी होते.

११ एप्रिल

चित्रकारांचे तीन कच्चे आराखडे आले. दुसरा सरळ पसंत. त्यात त्यांनी लाल वाघीण जराशी कललेली दाखवली आहे, वळणावर वेगात असल्यासारखी. हे मला सुचलं नसतं.

रंग भरायच्या आधी दोन तपासण्या केल्या. एक, चित्र करड्या छटांत बदलून बघितलं. लाल आणि पिवळा रंगाने कितीही वेगळे असोत, उजेडाने सारखे असतील तर छोट्या आकारात एकच ठिपका होतात. आमचा लाल बराच उजळ होता. तो गडद करायला सांगितलं आणि पिवळ्यावर थोडा उजेड वाढवला. दोन, रंगांधळेपणाचं अनुकरण. मागे हिरवा सिग्नल होता, तो लाल वाघिणीशेजारी तपकिरी होऊन मिसळत होता. पांढरा केला. सिग्नल पांढरा का म्हणून कोणी तक्रार केली तर करू दे.

जोडीदाराची नवी मागणी: कोपऱ्यात 'डेमो आत्ताच खेळा' असा बिल्ला. चालत नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमचा नियम आहे की कॅप्सूलवर चित्र, खेळाचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच हवं. परीक्षणांतले उतारे, गुण, पुरस्कारांची चिन्हं, सवलतीचा मजकूर, दुसऱ्या वस्तूची जाहिरात, सगळं बाद. नियम मोडला तर दुकानात खेळ कमी दिसतो आणि स्टीमच्या अधिकृत सेलमध्ये झळकायची संधीही जाऊ शकते. मोठ्या अपडेटच्या वेळी तात्पुरतं वेगळं चित्र लावायची सोय आहे, जास्तीत जास्त महिनाभर, आणि त्यावरचा मजकूर खेळाच्या भाषांमध्ये भाषांतरित असावा लागतो. डेमोचा बिल्ला त्यात बसत नाही. तो म्हणाला, "मग लोकांना डेमो कळणार कसा?" पानावर स्टीमच बटण दाखवतं.

२० एप्रिल

अंतिम फाइल आली. चित्रकारांच्या पडद्यावरचा पहाटेचा नारिंगी माझ्याकडे मातकट. त्यांनी रुंद रंगपट्ट्याच्या प्रोफाइलमध्ये (फाइलमधले रंग कसे दाखवायचे ते सांगणारी नोंद) काम केलं होतं आणि निर्यात करताना प्रोफाइल गळून पडलं. दोघींनी आपापल्या पडद्याला दोष देत एक संध्याकाळ घालवली. एसआरजीबीमध्ये (वेबवरच्या नेहमीच्या रंगपट्ट्यात) बदलून, प्रोफाइल जोडून पुन्हा निर्यात केल्यावर सगळीकडे सारखं दिसलं. हे करारातच लिहायला हवं होतं: निर्यात एसआरजीबीमध्ये.

दुसरा त्रास लालचाच. मी जेपीजी करून बघितलं तर लाल वाघिणीच्या कडेला घाण दिसत होती. जेपीजीत रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवली जाते, त्यामुळे गडद पार्श्वभूमीवरची लाल कड सगळ्यात आधी फुटते. आम्ही पीएनजी चढवणार, पण स्टीम पुढे स्वतः जेपीजी करूनच दाखवतं. म्हणून उपाय चित्रातच केला: वाघिणीच्या वरच्या कडेला उजेडाची फिकट रेघ. आता कड उजेडातल्या फरकावर उभी आहे, रंगातल्या नाही.

२४ एप्रिल

पाच लेयरचे पैसे आज वसूल झाले.

छोटं कॅप्सूल: लोगो, लाल वाघीण, संपलं. हात नाही, दांडा नाही, पिवळ्या वाघिणींचा फक्त एक कोपरा. हात ठेवून बघितला होता. त्या आकारात तो बटाटा दिसतो.

हेडर आणि मुख्य: पूर्ण प्रसंग. हेडरमध्ये लोगो डावीकडे पण वरच्या कोपऱ्यापासून खाली, मुख्यमध्ये वर मधोमध.

उभं: रूळ खालून वर जातात, दोन वाटा फुटतात, लोगो खाली. खरं तर हीच रचना सगळ्यात चांगली जमली. रूळ मुळातच उभ्या चौकटीला सोयीचे.

लायब्ररीचा पट्टा: यावर मजकूर चालत नाही, लोगो वेगळा चढवून स्टीमच्या साधनात त्याची जागा ठरवायची. खिडकी लहानमोठी होते तशा बाजू कापल्या जातात, म्हणून महत्त्वाचं जे आहे ते मधल्या ८६० बाय ३८० च्या सुरक्षित भागात हवं. आम्ही तिथे सांधा ठेवला, डावीकडे-उजवीकडे नुसतं यार्ड पसरत नेलं. मूळ चित्र इतकं रुंद नव्हतं. बाजू मीच रंगवल्या आणि जवळून बघितलं तर ते कळतं. चित्रकारांकडून करून घ्यायचं तर वेगळे पैसे. घेतलेल्या लोकांनाच दिसणारी जागा म्हणून सोडलं.

इचवर (itch.io, खेळांचं आणखी एक ऑनलाइन दुकान) डेमो ठेवणार आहोत, त्याचं मुखचित्र ६३० बाय ५०० सुचवलेलं आहे. जवळजवळ चौकोनी, म्हणून मुख्य कॅप्सूलच्या बाजू कापून झालं. तिथे हलतं जिफही चालतं. वाघीण सरकते आणि दांडा खाली येतो असं चार चित्रांचं केलं, अर्ध्या तासात.

२९ एप्रिल

चढवलं. फाइली एकत्र ओढून टाकल्या की आकारावरून स्टीमवर्क्स ओळखतं कोणती कुठली. एक फाइल ओळखली नाही, कारण ती ७४८ बाय ८९५ निघाली होती. जतन केल्यावर 'प्रकाशित करा' हे वेगळं करावं लागतं.

पान नवं असल्यामुळे आधी तपासणीला जातं. त्यासाठी कामाचे काही दिवस हाताशी ठेवा. 'लवकरच येत आहे' हे पान प्रकाशनाच्या किमान दोन आठवडे आधी उघडं असावं लागतं. आम्ही कितीतरी आधी उघडतोय. पुढे कॅप्सूल बदललं तर पुन्हा तपासणी नाही, आपण लगेच प्रकाशित करू शकतो. म्हणून पहिल्याच वेळी सगळं अचूक हवं या दडपणाखाली पान अडवून ठेवू नका. विशलिस्ट पान उघडल्यावरच जमू लागते.

१७ जून

आकडे बघितले. स्टीमवर्क्समध्ये रहदारीच्या भागात कॅप्सूल किती वेळा दिसलं आणि पानावर किती जण आले ते स्रोतानुसार मिळतं. एकूण सरासरी बघण्यात अर्थ नाही. मधे एका ठिकाणी आमचं चित्र खूप लोकांना दाखवलं गेलं, त्यांतल्या बहुतेकांना कोड्यांत रस नव्हता, आणि सरासरी कोसळली. चित्र तेच होतं. एकाच स्रोताची आधीची आणि नंतरची तुलनाच त्यातल्या त्यात विश्वासाची. आम्ही शोधाची यादी धरली.

तिथे एक बदल करून पाहिला: छोट्या कॅप्सूलमधून पिवळा कोपराही काढला, लोगो आणखी मोठा केला. क्लिक थोडे वाढले असं दिसतंय, पण त्याच काळात एका व्हिडिओत खेळाचा उल्लेख झाला, म्हणून श्रेय कोणाला द्यायचं ते ठरवता येत नाही. स्टीममध्ये दोन चित्रं एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना दाखवायची सोय नाही. गूगल प्लेवर तसे प्रयोग करता येतात. मोबाइलवर असतो तर केले असते.

आकड्यांपेक्षा मला चर्चेच्या भागातले प्रश्न जास्त कामाचे वाटले. "एका यार्डात किती रूळ असतात?", "चाल मागे घेता येते का?", "वेळेचं बंधन बंद करता येईल का?" हे कोडी सोडवणारी माणसं विचारतात. इंजिनाचं मॉडेल कुठलं असं आतापर्यंत एकानेच विचारलं. त्याला सरळ सांगितलं की यात गाडी चालवता येत नाही. तरी त्याने विशलिस्ट ठेवली आहे म्हणतो.

राहिलेलं काम: विंडोजसाठीचं छोटं चिन्ह. ३२ बाय ३२ मध्ये वाघीण बसत नाही. सध्या दांड्याचं नुसतं टोक ठेवलंय आणि जोडीदार त्याला आगकाडी म्हणतो. चित्रकारांना विचारलंय, पुढच्या आठवड्यात कळवतील.